अडणा

शुक्रवारी तीनच्या खेळाला सत्तार तांबोळीचा चेंजओव्हर चुकला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. नगरच्या त्या टॉकीजच्या केबिनमध्ये दोन मशिनं शेजारी शेजारी होती. एकावरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, अगदी वर, एक गोल ठिपका चमकून जातो. त्या ठिपक्याला दुसऱ्या मशिनची मोटर सुरू करायची. सात सेकंदांनी दुसरा ठिपका येतो. त्याला इकडचं झाकण पाडायचं, तिकडचं उघडायचं. झालं. खाली बसलेल्या माणसाला कळतसुद्धा नाही की रीळ बदललं. सत्तार हे काम तोंडात विडी धरून, सासऱ्याचं आजारपण आणि घरातला रॉकेलचा डबा असलं काहीबाही मनात घोळवत करायचा. सिनेमा तो बघायचाच नाही. लोकांना वाटायचं, काय मजा आहे या माणसाची, रोज फुकटात सिनेमा! अरे बाबांनो, ऑपरेटर सिनेमा बघत नाही, ऑपरेटर ठिपका बघतो. पण त्या शुक्रवारी ठिपका आला, चमकला, गेला, दुसराही येऊन गेला, आणि सत्तार भिंतीतल्या झरोक्याशी तसाच उभा राहिला. पडदा पांढराफट्ट झाला. खालून शिट्ट्या सुरू झाल्या, खुर्च्या बडवल्या गेल्या, ‘ए ऑपरेटर, मेला का रं!’ अशी आरोळी आली, आणि मॅनेजर राधाकृष्ण लोखंडी जिन्यावरनं धापा टाकत वर आला. ‘सत्तारभाई, अहो झालं काय?’ ‘काय न्हाई, कार्बन सरकला,’ सत्तार म्हणाला. मशिनच्या दिव्यातली कार्बनची कांडी जागच्या जागी जळत होती.

सिनेमा पुण्याच्या कुणी नव्या मंडळींनी काढलेला होता, काळा-पांढरा, गाणी नसलेला. गांधीजींचा खून झाल्यावर गावोगाव जे झालं त्याच्यावरचा. खून करणारा माणूस त्यात दिसत नव्हता, गांधीजीही दिसत नव्हते; दिसत होतं ते एक खेडं, तिथं पोचलेली बातमी आणि नंतरचे तीन-चार दिवस. दुष्काळाचं साल. लोक खडी फोडायला गेलेले, रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी घशाखाली उतरत नाहीत अशा दिवसांत असला सिनेमा बघायला येणार कोण? राधाकृष्णानं तो एका आठवड्यासाठी घेतला होता तोही दुसरं काही मिळालं नाही म्हणून. पेट्या शुक्रवारी दुपारी एस्टीनं आल्या, त्यामुळं आधी रीळ तपासून बघायला वेळच मिळाला नाही. नाहीतर सत्तार सावध राहिला असता. निदान त्याला तसं वाटत होतं.

सातव्या रिळाच्या शेवटाला ते होतं. सव्वा मिनिटाचं. एक बाई कडेवर मूल घेऊन आणि एका पोरीचं मनगट धरून गल्लीतून पळत येते आणि शेजाऱ्याचं दार वाजवते. आधी बोटांनी, मग तळव्यानं, मग दोन्ही मुठींनी. दार उघडत नाही. एवढंच. कॅमेरा बाईच्या मागं उभा होता. तिची पाठ दिसत होती, सुटलेला पदर, पायात रुतलेलं काही झटकणारी पोर, आणि खांद्यावरून मागं बघणारं ते मूल. ते मूल सरळ केबिनकडं बघत होतं. पंचवीस वर्षं तो मनात असल्याच एका दाराच्या आतल्या बाजूला उभा होता. आतला अंधार, आतला शेणाचा नि सुपारीच्या पोत्यांचा वास, फटीतून येणारी धुळीची रेघ, हे सगळं त्याला पाठ होतं. पण दाराबाहेर काय होतं ते त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. त्यानं ते फक्त ऐकलं होतं. ऐकलेल्याला तोंड नसतं, पाठ नसते, त्यामुळं त्याच्याबरोबर माणूस कसाबसा संसार करू शकतो. आणि आज कुणी भलत्याच माणसानं त्याला उचलून बाहेर, गल्लीत, तिच्या पाठीमागं नेऊन उभं केलं होतं.

रात्री जेवताना त्याची बायको बानू म्हणाली, ‘ताटातलं चिवडत काय बसलाय?’ सत्तार म्हणाला, ‘सिनेमा हाय एक.’ तिनं पुढं विचारलं नाही. बानूला ती गोष्ट ठाऊक होती. म्हणजे सत्तारनं सांगितली तेवढी ठाऊक होती. मिरजगावापासून दोन कोसांवरचं त्यांचं गाव. तांबोळ्यांचं एकच घर, आणि भिंतीला भिंत लावून वामनराव कुलकर्ण्यांचं. त्या वर्षी सत्तार चौदाचा होता. शनिवारी सकाळी मोठ्या सडकेवरनं कुणी ट्रकवाला बातमी टाकून गेला की गांधीबाबाला दिल्लीत गोळ्या घातल्या आणि घालणारा मुसलमान आहे. कुणी सांगितलं, कसं कळलं, कुणी विचारत नव्हतं. दुपारपर्यंत वेशीत माणसं जमली. वामनराव धोतराचा सोगा सावरीत आले, त्यांच्या हातात त्यांच्या धान्याच्या कोठीचं मोठं लोखंडी कुलूप होतं. सत्तारच्या बापाला म्हणाले, ‘दिलावर, आत व्हा सगळे. मी बाहेरनं कुलूप घालतो. कुणी विचारलं तर सांगेन, तांबोळी रात्रीच जामखेडला पळाले. हूं की चूं करू नका.’ आणि त्यांनी घातलं. प्लेगाच्या साली गावं अशीच बाहेरून कुलपं लावून ओस पडायची, कुलूप दिसलं की माणूस फिरून मागं जायचा, हे त्यांच्या पिढीच्या हाडात भिनलेलं. माणसं आलीही होती. कुलूप हलवून बघितलं, दाराला लाथ घातली, आणि वामनरावांचा शांत आवाज ऐकून गेली. रात्री माळवदाच्या झरोक्यातून वामनरावांच्या बायकोनं, मनकर्णाकाकींनी, फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि लसणाची चटणी खाली सोडली. दिलावर, त्याची बायको अख्तरी आणि सत्तार अंधारात बसून ते खात होते, आणि दिलावर तोंडातल्या तोंडात म्हणत होता, ‘देवमाणूस. या माणसाचे पाय धुवून प्यायला पायजेत.’

रविवारी भाकरी आल्या नाहीत. वामनराव सकाळीच कर्जतला गेले होते, या तांबोळ्यांसाठीच, शेजारी दोन पोलीस द्या म्हणून सांगायला. ते नंतर कळलं. मग दुपार कलल्यावर आवाज आला, शंभर-दीडशे माणसांचा, ढोलासारखा एकाच ठोक्यातला. दिलावरनं बायकोला आणि पोराला कोपऱ्यात पोत्यांमागं ढकललं. पण आवाज दारावरून पुढं गेला आणि शेजारी थांबला. कुणीतरी ओरडलं, ‘पुण्याचा बामण निघाला मारनारा! बामणच निघाला!’ मग शेजारच्या माळवदावर काहीतरी फुटल्याचा आवाज. मग धुराचा वास. आणि त्या गोंधळात यांच्या दाराशी बांगड्या वाजल्या. बानूला त्यानं सांगितलं होतं ते इतकंच: काकी दाराशी आल्या, अब्बांनी दार उघडलं नाही. बानू त्यावर म्हणाली होती, ‘सासऱ्यांचं तरी काय चुकलं? त्या टायमाला कुणाचा जीव कुणाला जड झालाय?’ आणि सत्तारनं मान हलवली होती. बापाला गाडून तेव्हा चार वर्षं झालेली. मेलेल्या माणसाच्या खांद्यावर ओझं ठेवायला काही लागत नाही, तो नाही म्हणायला येत नाही.

शनिवारी सकाळी सत्तार नेहमीपेक्षा तासभर आधी टॉकीजवर गेला. सातवं रीळ उलटं गुंडाळायच्या चाकावर चढवलं, हातानं फिरवत शेवटाकडं आणलं, आणि पट्टी उजेडासमोर धरली. बोटभर चौकटीत बाईची पाठ होती. पुढच्या चौकटीत तीच पाठ, त्याच्या पुढच्यात तीच. हात केसभर वर गेलेला. एवढ्या चौकटींत तिनं हात उचलला तरी कुणाला दिसायचं नाही, मशिनीत घातल्यावरच ते वाजवणं होतं. हे त्याला रोजचंच होतं, पण त्या सकाळी ते त्याला बघवेना. ब्लेडनं त्यानं पट्टी कापली, शंभर-सव्वाशे फूट सोडून पुन्हा कापली, दोन्ही टोकं खरवडली, फिल्म चिकटवायच्या सिमेंटचा ब्रश फिरवला आणि अंगठ्यानं दाबून धरली. बाई आता गल्लीच्या कोपऱ्यावरून वळायची ती थेट रानात निघायची. जोड इतका सफाईदार बसला होता की त्याचा उस्तादही शाबास म्हणाला असता. कापलेला तुकडा त्यानं गुंडाळून कार्बनच्या रिकाम्या डब्यात घातला आणि डबा फळीवर मागं सरकवला. फिल्म तुटते, ऑपरेटर कापतो, चिकटवतो. कुठल्याच पेटीतला सिनेमा गावोगाव फिरून येताना पुरा राहत नाही. यात गैर काही नव्हतंच मुळी. त्या दिवशी तिन्ही खेळांना सातव्या रिळाचा ठिपका त्यानं अचूक पकडला. प्रेक्षकांतून कुणी हूं की चूं केलं नाही. राधाकृष्ण उलट म्हणाला, ‘आज बरा पळाला हो, काल मध्येच कुठंतरी रेंगाळत होता.’

पण कापलं म्हणजे संपलं असं थोडंच असतं? आता ठिपक्याच्या अलीकडं, जोडावरून पट्टी जाताना मशिनीतून बारीकसा ‘टक्’ असा आवाज यायचा. प्रत्येक जोडाचा येतो. एकोणीस वर्षं येत होता. आता मात्र तो आला की सत्तार वळून केबिनच्या दाराकडं बघायचा. कारण गावात त्या रविवारी दारावर कुणी मुठी आपटल्याच नव्हत्या. सिनेमावाल्यांना काय माहीत? काकी आल्या, आणि आतल्यांना ऐकू आलं ते कुलपात किल्ली फिरल्याचं. टक्. घाबरलेल्या माणसाची किल्ली कुलपावर चाचपडते, तशी नव्हे, एका फेऱ्यात. मग कोयंडा निघाला. मग दार बोटभर आत आलं, उजेडाची पट्टी जमिनीवर पडली, आणि हळूच, अगदी शेजारणीकडं विरजण मागायला यावं तसा आवाज आला, ‘अख्तरी, मी आहे गं. लेकरं आहेत बरोबर.’ त्याच्यापुढचं सत्तार मनातसुद्धा चालू द्यायचा नाही. तिथंच तो झाकण पाडायचा आणि दुसरं काहीतरी सुरू करायचा: विडी, सासऱ्याचा दमा, रॉकेल. चांगला ऑपरेटर होता तो.

रविवारी तीनचा खेळ सुटला. पंखे बंद झाले, झाडूवाला शेंगांची टरफलं लोटायला लागला. सत्तार रिळं उलटी गुंडाळत बसला होता. केबिनची कडी आतून लावायची असा टॉकीजचा नियम होता, आगीच्या भयानं, दारावर तशी पाटीच होती. आणि तो नियम त्यानं कधी मोडला नव्हता. दारावर टकटक झाली. ती बोटांची होती. सत्तारचा हात चाकावर थांबला. ‘कोण?’

‘मी सिंधू. वामनराव कुलकर्ण्यांची.’

कडी काढायला त्याला वेळ लागला. दारात एक तिशीची बाई उभी होती, सुती पातळ, खांद्याला शबनम पिशवी, बोटांच्या कडांत खडूची पांढरी पूड राहून गेलेली. मास्तरीण, हे सांगावं लागलं नाही. डोळे मात्र वामनरावांचे. ‘बसा,’ सत्तारनं स्टुलावरचं फडकं झटकलं. ‘बस म्हणा, सत्तारदादा. तुम्ही मला पाठकुळी घेऊन ओढ्यावर न्यायचात,’ ती म्हणाली, पण बसली नाही. कोपरगावला असते, शाळेत शिकवते, गावाकडचा बन्सी तिथल्या बाजारात भेटला तेव्हा बोलण्यात निघालं की सत्तार नगरला टॉकीजमध्ये मशिन चालवतो. वडील तिकडं साखर कारखान्यात कारकून होते, सात वर्षांपूर्वी गेले. ‘आणि काकी?’ ‘पौषात गेली.’ सत्तारनं कपाळाला हात लावला. माणूस अशा वेळी जे विचारतो ते त्यानं विचारलं: ‘तुझा धाकला बाबू काय करतो मग? नोकरीला असंल आता. लई गुटगुटीत हुता. माझ्या मांडीवर मुतायचा.’

‘तुम्हाला माहीत नाही?’ सिंधूनं विचारलं. मग शाळेत धडा वाचावा तशा सरळ आवाजात तिनं सांगितलं. त्या दिवशी आई दोघांना घेऊन ओढ्यात उतरली. रात्र कपारीत काढली. पौषाची थंडी, अंगावर घातलेलं तेवढंच. आईनं पदर बाबूवर घातला, पण तो रडायला लागला की तिला त्याच्या तोंडावर हात ठेवावा लागायचा, वर माणसं फिरत होती. सकाळी अंग तापलं. कोपरगावला मामाकडं पोचलो तिसऱ्या दिवशी, तेव्हा तो निळा झाला होता. ‘दहा महिन्यांचा होता,’ ती म्हणाली. सत्तारला ते पडद्यावरचं मूल आठवलं, खांद्यावरून मागं बघणारं. पंचवीस वर्षं तो बाबूला वाढवीत आला होता. मनात त्याला शाळेत घालत होता, लांब चड्डीत, मग मिशा फुटलेला बघत होता. कुलकर्णी मंडळी सुखरूप पोचली, असं गावात कुणीतरी म्हणालं होतं आणि तेवढ्यावर त्यानं तो पोरगा मोठा केला होता.

‘मी एक विचारायला आले होते,’ सिंधू म्हणाली. तिनं पिशवीतून रुमालाची पुरचुंडी काढून सोडली. आत बोटाएवढी लोखंडी किल्ली होती, तेल लावून ठेवल्यासारखी काळी. ‘आईच्या देव्हाऱ्याच्या खणात निघाली, कापसात गुंडाळलेली. आमच्या घराचं तर काही राहिलंच नाही, मग ही कशाची? त्या दिवसाचं आईला विचारलं की ती एकच सांगायची. तांबोळ्यांकडं गेले, पण दाराला कुलूप होतं. आयुष्यभर तेवढंच. मीही मान्य केलं, कारण कुलूप मलाही आठवतं. पण मला आईच्या हातातली किल्लीसुद्धा आठवते. सहा वर्षांची होते, म्हटलं मिसळलं असेल.’ ती थांबली. खाली झाडू फिरत होता. ‘मग नाशिकला हा सिनेमा बघितला. ती बाई दार वाजवते ते बघून मला तापच आला. ठरवलं, सत्तारदादांना भेटायचं. इथं आले, आणि तिकिटाच्या खिडकीशीच थांबले. वाटलं, कशाला? माणूस पोटाला लागलाय, त्याच्या पुढ्यात काय हे घेऊन जायचं? म्हणून तिकीट काढून खाली बसले. म्हटलं सिनेमा बघू, आणि न विचारता एस्टी गाठू. खरंच जाणार होते हो. पण इथं ती बाई दार वाजवतच नाही. कोपऱ्यावरून वळते आणि एकदम रानात. तुम्ही कापलंत ना?’

फिल्म तुटती, रोजचंच हाय, असं म्हणायचं होतं. शब्द जिभेवर आलेले होते. तिला ते पटलंही असतं, किंवा पटल्यासारखं दाखवून ती गेली असती, आणि आई सांगायची ते कुलूप जन्मभर तिच्यापुरतं खरं राहिलं असतं. सत्तारनं फळीवरचा डबा खाली घेतला, झाकण काढलं आणि तुकडा तिच्यापुढं धरला. स्वतःच्या हातानं त्यानं खूण करून ठेवली होती, मूर्खासारखी! सगळ्या नगरमध्ये एकाच माणसाला कळेल अशी खूण, आणि तेच माणूस खाली बसलं होतं.

‘आमी आत हुतो,’ तो म्हणाला. ‘कुलूप तुमच्या वडलांनी घातलेलं. आमी वाचावं म्हणून. किल्ली काकीकडं हुती. त्यांनी कुलूप काढलं, दार ढकललं, आईला हाक मारली. बोटभर दार उघडलं बी हुतं.’

‘मग?’

‘मी अब्बाकडं बघितलं. अब्बा नुसता उभा. त्याला काय सुधरंना. आई तोंडात पदर कोंबून रडत हुती. कुणी मला काय बी म्हणालं न्हाई. घाल म्हणालं न्हाई, उघड म्हणालं न्हाई. दाराजवळ मी हुतो.’ सत्तारनं उजवा हात पुढं करून त्याच्याकडं बघितलं, तळव्यावर सिमेंटचे डाग होते. ‘मी खांद्यानं दार लोटलं आन् मागं आडवा अडणा घातला. काकीचा आवाज वळखून घातला. मला वाटलं, ह्यांच्या मागनं ती मानसं आत येतील. न्हाई, तसं बी न्हाई. मला काय वाटलंच न्हाई. नुसता घातला.’

सत्तारला वाटलं, सिंधूनं शिव्या दिल्या तर बरं. थुंकली तरी बरं. केबिनमध्ये तापलेल्या मशिनींचा वास कोंदला होता. ‘दोन येळा ढकललं त्यांनी,’ तो सांगतच राहिला, आता त्याला थांबता येईना. ‘अडणा लागला. मग थांबल्या. मला त्यांचा श्वास ऐकू येत हुता, फळीच्या पलीकडं, हितं. मला वाटलं आता वरडतील, मारतील हाका. न्हाई. मग कोयंडा चढवला. मग परत कुलूप घातलं. टक् करून. ओढून बघितलं, लागलं का ते. आन् मग गेल्या. मंगळवारी माझा मामा आला, त्यानं कोयंडा उचकटला तवा आमी भाईर आलो.’

‘परत कुलूप लावलं?’ सिंधू म्हणाली. ‘घर जळत होतं, कडेवर बाबू, आणि ती कुलूप लावत बसली? का?’

‘मला न्हाई म्हाईत. पंचवीस वर्षं मी तेच इचारतोय.’

ती आता स्टुलावर बसली. तिकिटाच्या खिडकीशी सहाच्या खेळाची तुरळक माणसं जमल्याचा आवाज येऊ लागला, राधाकृष्णानं खालून ‘सत्तारभाई, चहा?’ म्हणून हाक दिली, ती दोघांनीही ऐकली नाही. ‘म्हणजे ती खोटं बोलत नव्हती,’ सिंधू शेवटी स्वतःशी म्हणाली. ‘कुलूप होतंच.’ रुमालाला तिनं एक गाठ मारली, मग सोडली. सत्तार म्हणाला, ‘ते कुलूप माझ्याकडं हाय. अब्बानं ट्रंकेत ठिवलं हुतं. तसंच हाय, बंद. कुणी उघडलं न्हाई, किल्लीच नव्हती.’ आणि न कळत त्यानं हात पुढं केला. चौदा वर्षांच्या पोरानं करावा तसा, काकी आता हातावर काहीतरी ठेवतील म्हणून.

सिंधूनं त्या हाताकडं बघितलं. मग किल्ली मुठीत घेतली आणि मूठ पिशवीत घातली. ‘आईला द्यायची असती तर तिनं दिली असती,’ ती म्हणाली. रागानं नव्हे, रागानं म्हणाली असती तर सत्तारला ते सोसलं असतं. ती उठली, पदर खोचला, दाराशी जाऊन वळली. ‘सहाच्या खेळाला तो तुकडा परत लावा.’

‘तू बघनार हायस?’

‘मी बघितलाय. तुम्ही बघा.’

लोखंडी जिन्यावरून तिच्या चपलांचा आवाज खाली गेला. सत्तारनं दाराला कडी घातली, घातलेली काढली, आणि दार उघडंच ठेवून तो मेजाशी बसला. जुना जोड उकलला, टोकं खरवडली, सिमेंट लावलं. तुकडा दोनदा वाकडा बसला. राधाकृष्ण चहा घेऊन वर आला आणि उंबऱ्यातच थबकला. ‘हे काय, दार सताड उघडं? नियम काय तुमच्या आज्यानं केलाय का माझ्या?’ सत्तार म्हणाला, ‘राहू द्या आजच्या दिस.’ त्याच्या तोंडाकडं बघून राधाकृष्णानं कप मेजावर ठेवला आणि तो गुमान खाली गेला.

सहाच्या खेळाला तीस-चाळीस माणसं होती. सातवं रीळ लागलं तेव्हा सत्तारनं विडी विझवली आणि तो झरोक्याला डोळे लावून उभा राहिला. बाई कोपऱ्यावरून वळली, दाराशी आली. बोटांनी वाजवलं, तळव्यानं वाजवलं, मुठींनी वाजवलं. तो बघत होता. मूल खांद्यावरून त्याच्याकडं बघत होतं, आणि त्यानंही त्या मुलाकडं बघितलं, बाबूचं नाव मनात घेतलं. बाई दारापासून मागं सरली. आता ती कोयंडा चढवील, कुलूप घालील, ओढून बघील, म्हणून तो श्वास धरून वाट बघत राहिला. पण ते सिनेमात नव्हतं. तिनं पोरीचं मनगट धरलं आणि ती तशीच निघून गेली. कोपऱ्यात ठिपका चमकला. त्यानं मोटर सुरू केली. सात सेकंदांनी दुसरा आला, त्यानं इकडचं झाकण पाडलं, तिकडचं उघडलं. रीळ बदललं ते खाली कुणाला कळलंसुद्धा नाही.